राजाजीनगरचे एकसष्ट निर्व्यसनी

महादेवपुरा, बेंगळूरु
३ सप्टेंबर २०२५

श्री. रत्नाकर चौगुले यांस,
सादर नमस्कार.

२४ ऑगस्टच्या रविवारी राजाजीनगरच्या आपल्या मराठी मंडळात आमच्या संस्थेने पंचावन्न वर्षांवरील पुरुषांसाठी प्रोस्टेट तपासणीचं शिबिर घेतलं होतं. मद्यपान आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांचा काही संबंध आहे का, हे पाहणारा आमचा अभ्यास आहे. आपण रक्त दिलंत आणि प्रश्नावली भरून दिलीत, त्याबद्दल आभार. निकाल फोनवर पाठवायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या रक्तातील पीएसएची पातळी ७.९ आली आहे. साधारणपणे ती चारच्या आत असावी अशी अपेक्षा असते. वाढलेली पातळी म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही. वयामुळे ग्रंथी वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी हा आकडा चढतो. पण नेमकं कारण मूत्रविकारतज्ज्ञच सांगू शकतील. कृपया पंधरा दिवसांच्या आत त्यांची भेट घ्यावी. सोबत त्यांच्यासाठी चिठ्ठी जोडली आहे.

एक आनंदाची गोष्टही कळवते. ‘गेल्या चार आठवड्यांत आपण किती वेळा मद्यपान केलंत?’ या प्रश्नाला मंडळातल्या एकसष्टच्या एकसष्ट पुरुषांनी ‘शून्य’ असं उत्तर दिलं आहे. आमच्या प्रमुख निधी मॅडम चकित झाल्या आणि त्यांनी मंडळाला वेगळं अभिनंदनाचं पत्र पाठवलं आहे. आपल्यासारख्या निर्व्यसनी गृहस्थांचेही आकडे वाढतात, तेव्हा दारूचा याच्याशी फारसा संबंध नसावा, असं त्यांना वाटू लागलं आहे.

आपली नम्र,
शलाका निमकर
क्षेत्र-समन्वयक


मराठी मंडळ वाचनालय, राजाजीनगर
८ सप्टेंबर

चि. शलाका,

‘आपली नम्र’ वगैरे राहू दे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला पोस्टातून मराठी पत्र येतं, तेही सुवाच्य अक्षरात, तेव्हा त्यात काय लिहिलंय हे दुसऱ्या वाचनात कळतं. पहिल्यांदा मी नुसतं अक्षरच बघितलं. गेल्या नऊ वर्षांत मला आलेलं हे पहिलं मराठी पत्र. त्यात बातमी आजाराची निघाली, त्याला तुझा इलाज नाही.

मंडळाला आलेलं अभिनंदनाचं पत्र आमच्या अध्यक्षांनी, पुरुषोत्तमरावांनी, विसर्जनाच्या दिवशी आरतीच्या आधी माईकवरून वाचलं. ‘समस्त निर्व्यसनी बांधव’ असा शब्द त्यात होता. आमची मंडळी, गंगव्वा, पेटीवर बसली होती. तिचा सूर असा काही भलतीकडे गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. अभिमानाने भरून आलं असेल. ते पत्र आता चौकटीत घालून हॉलच्या भिंतीवर लावलंय.

माझ्याबद्दल सांगतो. मी मूळचा निपाणीचा. १९७८ साली इथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात लागलो आणि चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. सुटे भाग यायचे, गेज लावायचा, माप बरोबर असेल तर पुढे, नसेल तर लाल चिठ्ठी बांधून बाजूला. चिठ्ठीवर लिहायचं, ‘तपासले. नापास.’ आणि खाली सही. म्हणून तुझ्या ७.९ बद्दल माझं म्हणणं असं की आकडा चुकीचा वाटला तर आधी गेज तपासावा. डॉक्टरकडे काय, जाऊ सावकाश. मला काही होत नाही, फक्त पहाटे दोनदा उठावं लागतं, आणि या वयात कोण उठत नाही?

निवृत्तीनंतर मंडळाचं वाचनालय मी सांभाळतो. गुरुवारी बंद असतं, कारण त्या दिवशी तिथे बायकांचं भजन असतं आणि दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. पुढचं पत्रही याच पत्त्यावर घाल, घरच्या नको. गंगव्वाला उगाच काळजी.

आता एका मित्रासाठी विचारतो. परसू त्याचं नाव. आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी घेतो. त्याचा आकडा असा चढला असता तर ते दारूमुळेच, असं म्हणता येईल का? तो बिचारा शिबिराला आला नव्हता, म्हणून मी विचारतोय.

आशीर्वाद देणारा,
रत्नाकर चौगुले
(इकडे सगळे अण्णा म्हणतात, तूही म्हण.)


महादेवपुरा
१३ सप्टेंबर

प्रिय अण्णा,

तुमचं पत्र ऑफिसात पोचलं तेव्हा आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने ते दोन बोटांत धरून मला विचारलं, ‘ये क्या है?’ मी इथे आल्यापासून दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलते. मराठी फक्त रविवारी आईशी फोनवर. पुण्याची असून मला ‘सुवाच्य’ हा शब्द ऐकून किती वर्षं झाली असतील! तुमचं पत्र घरी नेऊन रूममेटना वाचून दाखवलं. त्यांना काहीच कळलं नाही, तरी पेटीचा सूर चुकला तिथे त्या हसल्या.

परसूकाकांच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर माझ्या आवडीचं आहे. दारूमुळेच झालं, असं एका माणसाबद्दल कुणीही सांगू शकत नाही. या विषयावर खूप अभ्यास झालेत आणि सगळ्यांचं एकमत नाही. काहींना संबंध दिसला नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा काहींना दिसलं की जितकी जास्त घ्यावी तितका धोका थोडा थोडा वाढतो. थोडा, पण वाढतो.

आणि मतभेदाचं एक कारण फार मजेशीर आहे. जुन्या अभ्यासांत ‘न पिणारे’ म्हणून ज्यांना मोजलं, त्यांत बरेच जण असे होते की ज्यांनी आजारपणामुळे नुकतीच सोडली होती. ते आधीच आजारी, आणि मोजले गेले न पिणाऱ्यांत. मग न पिणारेही आजारी दिसतात आणि पिणं निर्धोक वाटायला लागतं. चुकीच्या डब्यात टाकलेला माणूस सगळा हिशेब बिघडवतो. म्हणून आम्हाला तुमच्या मंडळाचं इतकं अप्रूप. एकसष्ट खरेखुरे न पिणारे एका जागी सापडत नाहीत.

परसूकाकांना म्हणावं, तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना प्रमाण खरं सांगा. पुढच्या तपासण्या, भूल, औषधं, सगळं त्यावर ठरतं.

आणि तुम्ही? गेज तपासायचा तर चाचणी पुन्हा करावी लागते, आणि ती डॉक्टरांकडेच होते. पंधरा दिवसांतले दहा गेले. कधी जाताय ते कळवा. राजाजीनगर शहराच्या त्या टोकाला नसतं तर मी स्वतः येऊन तुम्हाला घेऊन गेले असते.

तुमची,
शलाका


वाचनालय, राजाजीनगर
२२ सप्टेंबर

चि. शलाका,

महादेवपुऱ्याहून राजाजीनगरला यायचं म्हणजे सोबत डबा बांधून घ्यावा लागेल. त्यापेक्षा पत्र बरं, दोन दिवसांत पोचतं आणि सिग्नलला थांबत नाही.

डॉक्टरकडे अजून गेलो नाही. आधी पितृपक्ष होता, आता नवरात्र बसलं. दसरा होऊ दे. तू रागावू नकोस.

परसूला तुझं उत्तर वाचून दाखवलं. त्याची पद्धत सांगतो, म्हणजे तुला प्रमाण काढता येईल. बुधवारी एक रमची बाटली आणतो आणि ती कोकम सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवतो. शुक्रवार ते सोमवार, संध्याकाळी सातला, एकटाच. ही कोकमची बाटली इथल्या ऊस लागवडीवरच्या पुस्तकांमागे असते. बेंगळूरात ऊस कोण लावणार? त्या कपाटाकडे बारा वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. पूर्वी दोन मोठे पेग घ्यायचा. चार-पाच वर्षांपासून तीन घेतो, कारण तो म्हणतो हल्ली दोनाने काहीच वाटत नाही, वय झालं की अंगाला सवय होते. सोमवारी बाटली रिकामी.

पण माणूस व्यसनी नाही हो! श्रावणात थेंबाला शिवत नाही. श्रावणाच्या आदल्या दिवशी मंडळाचे सगळे जण मिळून काय ती कसर भरून काढतात, आणि मग विसर्जन होईपर्यंत एकदम कडकडीत. पुरुषोत्तमरावांपासून सगळे. तीस-पस्तीस वर्षांचा नेम आहे, एकदाही मोडलेला नाही. ज्याला महिनाभर सोडता येते त्याला व्यसनी कसं म्हणणार? याचा काही फायदा तुमच्या शास्त्रात धरतात का, तेवढं परसूला कळव.

अण्णा


महादेवपुरा
२५ सप्टेंबर

अण्णा,

शिबिर २४ ऑगस्टला होतं.

श्रावण २३ ऑगस्टला संपला.

प्रश्न होता, ‘गेल्या चार आठवड्यांत’.

मी कालपासून कॅलेंडर समोर घेऊन बसले आहे. एकसष्ट शून्यं! आणि एकही खोटं नाही! निधी मॅडम तमिळ आहेत, त्यांना गटारी माहीत नसणं मी समजू शकते. पण मी? शिबिराची तारीख मी ठरवली. माझे बाबा दर श्रावणात फ्रीजमधल्या बिअरच्या बाटल्या शेजारच्या काकांकडे ठेवायला देतात आणि शेजारचे काका त्यांच्या बाटल्या बाबांकडे देतात, हे बघत मी मोठी झाले आहे. मला एकदाही सुचलं नाही. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की रूममेटनी मला पाणी आणून दिलं.

हसून झालं. आता ऐका. १७ ऑक्टोबरला निधी मॅडम हे आकडे परिषदेत मांडणार आहेत. ‘राजाजीनगरचे एकसष्ट निर्व्यसनी’ अशी एक स्लाइड तयार आहे. त्यातल्या नऊ जणांचा पीएसए वाढलेला आहे. ऐकणारे म्हणतील, बघा, थेंब न पिणाऱ्यांनाही होतंच की. आणि कुणीतरी निर्धास्तपणे तिसरा पेग भरेल.

दुसरं. ज्या वाचनालयाच्या किल्ल्या फक्त तुमच्याकडे आणि भजनाच्या बायकांकडे आहेत, तिथे परसूकाका आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी सातला कसे शिरतात? ते भजनाला बसत नसतील तर मला वाटतं मी त्यांना ओळखते. त्यांना माझा निरोप द्या. आरशात भेटतीलच.

तुम्ही मला चौतीस वर्षांच्या गेजच्या गोष्टी सांगितल्यात आणि स्वतःच्या बाबतीत मात्र चुकीचं माप पुढे ढकललंत, याचा मला खरंच राग आला आहे. पण रागापेक्षा काळजी जास्त वाटते. ७.९ आहे, अण्णा. जा ना डॉक्टरकडे.

शलाका


राजाजीनगर
४ ऑक्टोबर

चि. शलाका,

परसू आरशात भेटला. दाढी करताना. दोघांनाही लाज वाटली.

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी वाचनालयात बसून एकच गोष्ट आठवत होतो. १९९१ साली मी बाराशे बुशिंगांचा अख्खा लॉट नापास केला होता. मॅनेजर माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, केसाएवढा फरक आहे, सोडून दे. मी म्हटलं, मग केसाएवढा बरोबर करून आणा. तो लॉट परत गेला आणि माझी बढती दोन वर्षं अडली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आणि त्याच हाताने मी तुझ्या कागदावर शून्य लिहिलं. ते शून्य खरं होतं हे मला ठाऊक होतं, आणि ते फसवं आहे हेही ठाऊक होतं. लिहिताना मला बरं वाटलं होतं, म्हणून सांगतो.

डॉक्टरकडे का गेलो नाही, तेही लिहितो. मला भीती वाटते. मरणाची वाटते आणि त्याहून जास्त गंगव्वाची वाटते. ती मला कधी काही बोलली नाही. चाळीस वर्षांपूर्वी एकदा म्हणाली होती, ‘एवढं एक सोडलं असतं तर बरं झालं असतं,’ आणि मी म्हटलं होतं, सोडली. तेव्हापासून ती समजते की मी फक्त श्रावणाआधी मंडळींच्या आग्रहाखातर घेतो. आता जाऊन सांगायचं की सोडली नव्हती आणि वर हे असं झालंय. माझ्याच्याने होईना.

पण परवा दसऱ्याला सांगितलं. तिने हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला थांबवलं, म्हटलं आधी ऐक, मग ठरव. सगळं सांगितलं. कोकमची बाटली, ऊस लागवड, तीन मोठे, चार दिवस, आणि ७.९. ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. रडत होती बिचारी. मी तर खचलोच. थोड्या वेळाने डोळे पुसत तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, ‘सरी, सांगितलंत ते बरं केलंत. उद्या दवाखान्यात जाऊ. स्वल्प लवकर उठा.’ एवढंच. मी एवढ्या शिव्यांची तयारी करून गेलो होतो, त्या तशाच राहिल्या.

काल गेलो. डॉक्टरांसमोर तिने माझा हात धरला होता, एकाहत्तराव्या वर्षी, नर्सच्या देखत. मी प्रमाण खरं सांगितलं. पीएसए पुन्हा होईल, मग एमआरआय, मग गरज पडली तर तुकडा काढून तपासणार. दारूमुळे झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते मी सांगू शकत नाही, पण यापुढे घेण्याचं एखादं कारण तुम्ही मला सांगू शकाल का?

आता मंडळाचं. १२ तारखेच्या रविवारी सकाळी नाश्त्याला खाराबाथ आणि केसरीबाथ, आपला उपमा-शिराच, ठेवला आहे. म्हणजे सगळे येतील. तू नवे फॉर्म घेऊन ये. प्रश्न बदलून आण, ‘श्रावण सोडून’ असा. पुरुषोत्तमराव रागावलेत, म्हणतात मंडळाची शोभा होईल. मी म्हटलं, खोट्या मापाचं सर्टिफिकेट लावण्यापेक्षा मोकळी भिंत बरी. पहिला मी बोलतो. डबा बांधून निघ.

अण्णा


महादेवपुरा
१४ ऑक्टोबर

प्रिय अण्णा,

तीन बस बदलून आले आणि त्याचं सार्थक झालं. काकूंनी बांधून दिलेला केसरीबाथ आज संपला.

तुम्ही उभं राहून ‘मी रत्नाकर चौगुले, आठवड्याला बारा मोठे, श्रावण सोडून’ असं म्हणालात, तेव्हा सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळल्या. मला वाटलं आता सगळे उठून जाणार. तेवढ्यात पुरुषोत्तमकाकांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, ‘बाळ, यात मोठा पेग आणि लहान पेग यांचा वेगळा रकाना आहे का?’ आणि मग जी काही गर्दी झाली! पेनं कमी पडली. एकजण विचारत होते लग्नाकार्यातली धरायची का, दुसरे म्हणत होते क्रिकेटच्या मॅचची वेगळी लिहितो. आणि हे सगळं चाललं असताना बायका स्वयंपाकघराच्या दारात रांगेने उभ्या राहून गंभीर चेहऱ्याने बघत होत्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. किती धक्का बसला असेल त्यांना!

आलेल्या अठ्ठावन्न जणांत सदतीस घेणारे, सात पूर्वी घेणारे आणि चौदा खरंच कधीच न घेतलेले. निधी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी कॅलेंडर मागवून स्वतः तारखा मोजल्या. मग त्यांनी ती स्लाइड काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी घातली, ‘प्रश्न विचारण्यापूर्वी पंचांग पाहा’. पुढच्या सगळ्या शिबिरांचा प्रश्न बदलला आहे. तुमच्या मंडळामुळे बदलला आहे, हे त्या परिषदेत नाव न घेता सांगणार आहेत.

दिवाळीला पुण्याला जाते आहे. पिशवीत बाबांसाठी एक फॉर्म आहे आणि त्यांच्या रक्ततपासणीची वेळ मी घेऊन ठेवली आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एमआरआयचं काय झालं ते लगेच कळवा. मला आता नीट झोप लागत नाही, आणि याला जबाबदार तुम्ही आहात.

तुमची,
शलाका


राजाजीनगर
१३ नोव्हेंबर, गुरुवार

चि. आणि पुढे सौ. होणाऱ्या शलाकाला गंगव्वाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर हसून घे. हे यांच्या नकळत लिहिते आहे, भजनाला अजून तास आहे.

आधी मुख्य ते. यांचा तपासणीचा निकाल काल आला. आहे. पण अगदी बारीक आहे आणि फार हळू चालणारा आहे, असं डॉक्टर म्हणाले. कापायचं नाही, जाळायचं नाही. दर सहा महिन्यांनी तपासायचं आणि लक्ष ठेवायचं. यानेच तुम्ही जाल असं मला वाटत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी तिथेच रडले. हे म्हणाले, ‘म्हणजे लॉट पास, पण फेरतपासणीच्या अटीवर.’ डॉक्टरही हसले. येताना आम्ही दोघांनी उभं राहून एकेक मसाला डोसा खाल्ला. ते तुला आज-उद्या लिहितीलच, सहा पानं तरी होतील. तू पत्रं लिहिलीस म्हणून ते गेले, नाहीतर गेले नसते. तुला कसं सांगू मला काय वाटतं ते.

आता दुसरं, ज्यासाठी हे पत्र. हे नेहमी म्हणतात, नोंद चुकीची राहू देऊ नये. तुझ्या कागदावर यांनी आठवड्याला बारा मोठे असं लिहिलंय. ते चूक आहे अक्का, सहा लिही.

कोकमची बाटली मला सहा वर्षांपूर्वी सापडली. भजनाच्या पुस्तकांचं कपाट भरलं, म्हणून उसाच्या पुस्तकांमागे जागा बघायला गेले. वास घेतला आणि सगळं कळलं. फार वाईट वाटलं. पण सांगून थांबणारा माणूस नव्हे. भांडले असते तर बाहेर कुठे जाऊन प्यायले असते. बाटली डोळ्यांसमोर असलेली बरी, असं मी ठरवलं. मग दर गुरुवारी भजनाच्या आधी येऊन थोडी मोरीत ओतायची आणि तेवढं पाणी घालायची. पहिल्यांदा चमचाभरच घातलं. हळूहळू वाढवत अर्ध्यावर आणलं. पाण्याने रंग फिका पडायला लागला, तेव्हा पाण्याऐवजी कोरा चहा घालायला सुरुवात केली. रंग अगदी जमला. चौतीस वर्षं मापं तपासलेला माणूस, सहा वर्षं माझा चहा प्यायला आणि वय झालं म्हणाला!

दसऱ्याला यांनी मला सगळं सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून पदर लावला. यांना वाटलं मी रडते. नंतर थोडं रडलेही, कारण चाळीस वर्षांनी का होईना, खरं स्वतःहून सांगितलं. त्याच्यापुढे बारा काय आणि सहा काय.

हे यांना कधीही कळू देऊ नकोस. सगळ्यांसमोर उभं राहून बारा म्हणाले, केवढी छाती लागली असेल. तो मान त्यांचा राहू दे. तुझ्या वहीत तेवढं बरोबर कर.

बाकीच्या छत्तीस जणांच्या आकड्यांचं मी बोलत नाही. पण त्यांच्या बायकाही माझ्याच भजनात आहेत आणि चहाची युक्ती मी कुणापासून लपवलेली नाही. पुढच्या वेळी फॉर्म आम्हाला दे.

एक सांगायचं राहिलं. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी मी सवयीने किटलीत कोरा चहा घेऊन आले आणि उसाची पुस्तकं बाजूला केली. बाटली होती, पण रिकामी. आतून धुतलेली, पालथी घालून ठेवलेली. गळ्याला लाल चिठ्ठी बांधली होती. यांचंच अक्षर. ‘तपासले. नापास. र. चौगुले.’ तारीख तीन ऑक्टोबर, दवाखान्यातून आलो त्याच दिवसाची. मला काही बोलले नव्हते.

मी चिठ्ठी तशीच राहू दिली, पुस्तकं परत लावली, किटलीतला चहा मीच पिऊन टाकला आणि भजनाला बसले.

तुझी,
गंगव्वा